औषधांचा डबा

डॉक्टर रोग्यास बहुधा आपल्या दवाखान्यात पाहतो. वकिलाला मात्र अशिलाच्या घरी जाण्याचे प्रसंग वारंवार येतात. अशील सत्तरीच्या पुढचा असला म्हणजे तर विचारावयासच नको. मृत्युपत्राचा मसुदा वाचून दाखविणे, कुलमुखत्यारपत्राविषयी बोलणे, जुन्या घराच्या हक्काचे कागद धुंडाळणे, असल्या कामांसाठी गेल्या वीस वर्षांत आम्ही फोंडा तालुक्यातील किती घरांच्या ओसरीवर बसलो असू याची गणती नाही. पूर्वी ज्या चौरंगावर पानाचे तबक असे, तेथे आता बहुतेक घरांत आम्हांस एक दुसरीच वस्तू दिसते. ती म्हणजे औषधांचा डबा. कोणाचा तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा असतो; कोणी मुलाने परदेशातून पाठविलेली सात वारांच्या सात कप्प्यांची पेटी वापरतो; तर कोणाच्या साऱ्या गोळ्या एका कापडी पिशवीत गुण्यागोविंदाने नांदत असतात. घरधन्याविषयी त्याचे दस्तऐवज जे सांगत नाहीत ते हा डबा पुष्कळदा सांगून जातो, असे आमचे मत होत चालले आहे.

हे डबे बाळगणारी मंडळी कोण? निवृत्त शिक्षक, टपाल खात्यातून किंवा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले कारकून, बँकेतील माणसे आणि त्यांच्यामागे राहिलेल्या त्यांच्या सहधर्मचारिणी. मुले मुंबई-पुण्यास, बंगळूरला, मस्कतला किंवा त्याहूनही दूर. २०११ च्या जनगणनेत गोव्याच्या लोकसंख्येत साठ वर्षे व त्यापुढील माणसांचे प्रमाण शेकडा ११.२ भरले, सबंध देशाचे ते ८.६ होते. केरळ सोडल्यास इतके वार्धक्य दुसऱ्या कोणत्याही राज्याच्या वाट्यास आलेले नव्हते. तेव्हा आम्ही जे लिहीत आहोत ते आपल्या शेजारचेच आहे, आणि आणखी पंधरा-वीस वर्षांनी ते आमचेही होणार आहे.

ही माणसे टाकून दिलेली नाहीत. मुले पैसे पाठवितात, रोज फोन करतात, चवथीला न चुकता घरी येतात. एकटे राहणे हे या वृद्धांनी स्वतः पत्करलेले असते. मुंबईच्या सातव्या मजल्यावर त्यांस करमत नाही. अंगणातली तुळस, ठरल्या वेळी येणारी देवळातली घंटा, सकाळची पेज आणि शेजारणीची हाक, एवढ्यावर त्यांचा दिवस भरून जातो. आपल्या तालुक्यातील कित्येक दैवते सोळाव्या शतकात मूळ स्थान सोडून, नदी ओलांडून येथे आली. घर सुटण्याचे दुःख काय असते हे येथल्या माणसास निराळे समजावून द्यावे लागत नाही.

आता डब्याकडे वळू. गोव्यात माणूस निवर्तल्यावर त्याच्या मालमत्तेची इन्व्हेंटरी करण्याची न्यायालयीन प्रक्रिया आहे. जमीनजुमला, दागिने, प्रसंगी घरातील भांडीकुंडी यांचीही तीत यादी होते. हीच सवय आम्ही कधी कधी, घरधन्याच्या परवानगीने, त्याच्या डब्यावर चालवून पाहतो. रक्तदाबाची एक गोळी, मधुमेहाच्या दोन, कोलेस्टेरॉलची एक, रक्त पातळ ठेवणारी एक, आम्लपित्ताची एक, ती तर बहुतेक सर्वत्र, गुडघ्यांसाठी कॅल्शियम, झोपेसाठी एक लहानशी, अर्धी तोडलेली, पाय दुखले म्हणजे घ्यावयाची एक, दुकानदाराने दिलेली, कोणा आप्ताने गुण आला म्हणून आणून दिलेले एक चूर्ण, आणि तळाशी, कशाची हे कोणासच न आठवणारी, मुदत टळून गेलेली एक पट्टी. यांतील प्रत्येक वस्तू केव्हा तरी सकारण घरात आली. परंतु पाहुणा म्हणून आलेल्या औषधाला निरोप देण्याचे काम कोणी कोणाकडे सोपविलेले नसते. हृदयाचा डॉक्टर आपली गोळी देतो, हाडांचा आपली, डोळ्यांचा आपले थेंब. आणि या सर्वांची गाठ पडते ती एका म्हाताऱ्या माणसाच्या पोटात.

एकाच वेळी पाच किंवा त्याहून अधिक औषधे चालू असणे ही गोष्ट वैद्यकशास्त्र स्वतंत्र काळजीची मानते. वय वाढते तशी मूत्रपिंडाची गाळण्याची शक्ती कमी होते. शरीरातील पाण्याचा अंश घटतो आणि मेदाचा वाढतो. त्यामुळे पंचेचाळिसाव्या वर्षी जी गोळी सकाळपर्यंत उतरून जाते तीच पंचाहत्तराव्या वर्षी दुसऱ्या दिवशीही अंगात रेंगाळते. झोपेच्या गोळ्यांचे हे विशेष आहे. रात्री झोप लागली याचे समाधान वाटते, पण पहाटे उठताना तोल जातो, आणि म्हाताऱ्या माणसाचे न्हाणीघरातील पडणे ही साधी गोष्ट नसते. उतारवयात कोणती औषधे जपून द्यावीत याची एक यादी मार्क बिअर्स या अमेरिकन वैद्याच्या पुढाकाराने १९९१ साली तयार झाली. तिची सुधारणा आजतागायत होत आली असून २०२३ ची आवृत्ती उपलब्ध आहे. झोपेच्या पुष्कळशा गोळ्या, सर्दीवरील काही जुन्या गोळ्या आणि दुखण्यावर दीर्घकाळ घेतलेली काही औषधे तीत आहेत. याचा अर्थ ती विषे आहेत असा नव्हे. या वयात ती देण्यापूर्वी डॉक्टरने दोनदा विचार करावा, इतकाच.

आणखी एक प्रकार आमच्या ध्यानात आला तेव्हा न्यायालयातील एका अनुभवाची आम्हांस आठवण झाली. एका खोट्या कागदाला आधार म्हणून दुसरा कागद तयार होतो, दुसऱ्यासाठी तिसरा. औषधांचेही कधी कधी, कोणाचाही हेतू वाईट नसता, असेच होते. रक्तदाबावर अॅम्लोडिपिन नावाचे एक चांगले औषध फार प्रचारात आहे. काही जणांस त्याने पायांवर सूज येते. ती सूज नवा आजार समजली गेली तर लघवी वाढविणारी गोळी सुरू होते. तिने रात्री दोन-तीनदा उठावे लागते. झोप मोडते, म्हणून झोपेची गोळी येते. आणि अर्धवट झोपेत उठलेला माणूस उंबऱ्यावर अडखळतो. सारी चूक शेवटी उंबऱ्याच्या माथी! वैद्यकात या परंपरेला निराळे नाव आहे. आम्ही तिला औषधांची वंशावळ म्हणतो.

नावांचा घोटाळा तर सर्वश्रुत आहे. एकाच द्रव्याच्या गोळ्या निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात. इस्पितळातून घरी आलेला माणूस तेथली नवी चिठ्ठीही चालवितो आणि घरातली जुनीही. नावे भिन्न, द्रव्य एक, मात्रा दुप्पट. उलटपक्षी, नावे सारखी आणि द्रव्ये भिन्न, असेही घडते. हिवतापावरील ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या दोन औषधांच्या नावांवरून झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोहोंतील द्रव्ये वेगळी होती. २००१ साली दिलेल्या त्या निर्णयात न्यायालयाने सांगितले की, इतर मालाच्या नावांतील साम्य आणि औषधांच्या नावांतील साम्य यांस एकच माप लावता येणार नाही. औषधाच्या बाबतीत गोंधळ म्हणजे गैरसोय नव्हे, तो जिवावर बेतू शकतो, म्हणून येथे कसोटी अधिक कडक हवी. पुढे २०१६ साली वैद्यकीय व्यवसायाच्या आचारनियमांत दुरुस्ती होऊन, डॉक्टरांनी औषधाचे मूळ द्रव्यनाम सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे असे ठरले. नियम चांगला आहे. त्याचे पालन कितपत होते हे ज्याने त्याने आपल्या घरातील चिठ्ठी उजेडात धरून पाहावे.

हे सारे शास्त्राचे झाले. आता आम्ही डोळ्यांनी पाहिलेल्या दोन गोष्टी सांगतो. माणसे ओळखू येऊ नयेत एवढा बदल त्यांत केला आहे, आणि दोघांचीही अनुमती घेतली आहे.

पहिली एका निवृत्त मुख्याध्यापकांची. पत्नी वारल्यापासून एकटेच राहतात; वय अठ्ठ्याहत्तर; वृत्ती शिस्तीची. मृत्युपत्राचा मसुदा वाचून दाखविण्यास आम्ही गेलो तो दिवस एकादशीचा होता. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत मास्तरांनी दोन ठिकाणी आमचे व्याकरण सुधारले. चौथ्यापासून ते गप्प झाले. नंतर एकाएकी, थोरल्या मुलाच्या जागी बालपणीच वारलेल्या भावाचे नाव घेऊ लागले. कपाळावर घाम, हातातील कागद थरथरत असलेला. सुदैवाने शेजारी एक निवृत्त परिचारिका राहतात. हाक मारताच त्या आल्या, मास्तर गिळू शकतात याची त्यांनी खात्री करून घेतली आणि वाटीभर साखरपाणी पाजले. पंधरा मिनिटांत मास्तर पूर्ववत झाले. घडले होते ते इतकेच : उपवास कडकडीत होता, आणि मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र सकाळी वेळेवर घेतली होती. ही गोळी माणसाने खाल्ले आहे असे धरून चालते. ते नसले तर रक्तातील साखर धोक्याच्या खाली उतरविते. मास्तरांनी औषध चुकविले नाही आणि व्रतही चुकविले नाही. दोहोंची गाठ कोठे पडते हे मात्र त्यांस कोणी सांगितलेले नव्हते.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तरी हा प्रसंग लहान नव्हता. मृत्युपत्र करणाऱ्यास आपण काय करीत आहोत याचे भान असावे लागते; ते नसण्याचे कारण आजार की औषध, हा प्रश्न गौण आहे. त्या पाऊण तासात मास्तरांचे सारे आयुष्य एका रिकाम्या पोटावर आणि एका गोळीवर लटकले होते.

आपले वाचक व्रतस्थ आहेत, म्हणून येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. उद्योगपर्वातील एका वचनात, ज्यांच्या सेवनाने वा आचरणाने व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी सांगितल्या आहेत. पाणी, कंदमुळे, फळे आणि दूध यांच्या जोडीला तेथे औषधही आहे, आणि गुरूचे वचनही. पुढील धर्मनिबंधकारांनी हे वचन प्रमाण मानले. आमच्या पूर्वजांनी आजाऱ्याला व्रतातून इतकी वाट करून ठेवली असता, ती बंद करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? उपवास करावयाचाच असेल तर आदल्या आठवड्यात डॉक्टरास विचारून त्या दिवसाची गोळी कमी करावयाची, पुढे ढकलावयाची की उपवासच फलाहारावर करावयाचा हे ठरवून घ्यावे. मास्तर आता तसे करतात. ‘गुरूचे वचन’ या सदरात त्यांनी आपल्या डॉक्टरास घातले आहे, आणि तो डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी आहे!

दुसरी गोष्ट एका काकींची. वय शहात्तर, कुटुंबनिवृत्तिवेतनावर स्वतःचा संसार स्वतः चालविणाऱ्या. थोरला मुलगा परदेशी. रोज रात्री साडेआठला त्याचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : “आई, वखदां घेतलीं?” उत्तरही ठरलेले : “घेतलीं रे पुता.” एके दिवशी काकींच्या पायांवर सूज चढली, रात्री आडवे होता येईना, दम लागू लागला, दोन रात्री इस्पितळात काढाव्या लागल्या. हृदयाची शक्ती कमी झालेल्या माणसाच्या अंगात पाणी साठते, ते काढण्यासाठी त्यांना सकाळची गोळी चालू होती. गोळी चालू असून असे झाले, तेव्हा आजार बळावला असे सर्वांस वाटले. मुलाने ठरविले, आईने आता एकटे राहावयाचे नाही. घर भाड्याने द्यावयाचे, पुढे जमल्यास विकावयाचे. त्यासाठी आईकडून कुलमुखत्यारपत्र करून घ्यावयाचे. ते काम आमच्याकडे आले.

कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याची इच्छा त्याच्या तोंडून, इतर कोणी हजर नसता, ऐकून घेण्याचा आमचा परिपाठ आहे. काकी बराच वेळ अंगणाकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, “वकीलबाब, तुम्हांला सांगितलेले बाहेर जात नाही ना?” आम्ही म्हटले, कायद्यानेच ते जाऊ शकत नाही. तेव्हा त्यांनी जे सांगितले ते ऐकून हसावे की रडावे हे आम्हांस समजेना. ती सकाळची गोळी घेतली म्हणजे दोन-तीन तास पुनःपुन्हा उठावे लागते. देवळात भजनी मंडळासोबत आरतीपर्यंत बसावयाचे, तर स्वच्छतागृह अग्रशाळेच्या मागे, पायऱ्या उतरून. पावसाळ्यात तेथे शेवाळ. चारचौघींत सारखे उठायचे कसे? म्हणून देवळात जाण्याच्या दिवशी त्या गोळी घेत नसत. सोमवार, शुक्रवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी, शिवाय सप्ताह आणि उत्सव. हिशेब केला तर महिन्यातील निम्म्याच्या आसपास दिवस गोळीविना जात होते.

“मग हे मुलाला का नाही सांगितले?” आम्ही विचारले.

“सांगितले असते तर तो म्हणाला असता, आईला आता आठवत नाही, आईला आता समजत नाही. मग हे घर राहिले असते का?”

या एका वाक्यात आम्हांस साऱ्या प्रश्नाचे मर्म सापडले असे वाटते. धमकीने, प्रलोभनाने किंवा वचन देऊन मिळविलेला कबुलीजबाब न्यायालय ग्राह्य धरीत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हे तत्त्व होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. त्यामागील शहाणपण साधे आहे : ज्याला खरे बोलल्याने काही गमवावे लागणार आहे, त्याच्या तोंडून भीतीने जे निघते त्यावर विसंबू नये. रोज रात्री साडेआठला “घेतलीं रे पुता” ही जी साक्ष होते ती या जातीची आहे. मुलगा प्रेमाने विचारतो, आई प्रेमाने उत्तर देते, आणि तरीही ती साक्ष धाकाखालची असते. कारण उत्तर ‘नाही’ आले तर त्याची शिक्षा घर सुटणे ही आहे, असे आईच्या मनाने घेतलेले असते. डॉक्टरासमोरही तेच. “औषधे नीट घेता ना?” या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर शिष्टसंमत आहे. मग डॉक्टर त्या ‘हो’वर विश्वासून मात्रा वाढवितो, नवी गोळी जोडतो, आणि डब्यातील पाहुण्यांत आणखी एकाची भर पडते.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. दीर्घ आजारांत औषधे सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्यांचे प्रमाण विकसित देशांतही सरासरी निम्मेच असते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या आपल्या अहवालात नमूद केले. उरलेले निम्मे सारे विसराळू असतील काय? आमच्या काकी यत्किंचितही विसराळू नाहीत. कोणत्या तिथीला गोळी घेतली नाही हे त्या पंचांग पाहून सांगू शकत होत्या!

पुढे काय झाले ते सांगतो. काकींच्या संमतीने, त्यांच्याच तोंडून, ही हकीकत डॉक्टरांच्या कानी घातली गेली. त्यांनी काकींस बोल लावला नाही. देवळात जाण्याच्या दिवशी ती गोळी देवळातून परतल्यावर, दुपारी जेवणाआधी घ्यावी. संध्याकाळपर्यंत मात्र लांबवू नये, नाही तर रात्रीची झोप मोडेल, असे सांगितले. रोज सकाळी वजन करून लिहून ठेवावे, दोन-तीन दिवसांत ते एकदम वाढले तर कळवावे, असेही सांगितले. एवढ्याने सूज उतरली. नवे औषध एकही लागले नाही. मुलाला हे सारे काकींनी स्वतः सांगितले. पलीकडे तो बराच वेळ बोललाच नाही, असे त्या म्हणतात. कुलमुखत्यारपत्राचा मसुदा अद्याप आमच्या कपाटात आहे. त्याचा निर्णय चवथीला सर्वांनी एकत्र बसून करावयाचा असे ठरले आहे. तो कसा होईल हे आज आम्ही सांगू शकत नाही. काकींचे हृदय काही तरुण होणार नाही, आणि एकटे राहणे एक दिवस खरोखरच अशक्य होऊ शकते. पण ज्या दिवशी तो निर्णय होईल त्या दिवशी तो खऱ्या वस्तुस्थितीवर होईल. लपविलेल्या गोळीवर होणार नाही.

येथे कोणी असा समज करून घेईल की, आम्ही औषधांविरुद्ध वकीलपत्र घेतले आहे. तसे मुळीच नाही. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या औषधांनी किती माणसांचा पक्षाघात टळला असेल याची यादी कोणाच्याही डब्यात सापडत नाही, कारण जे टळले ते दिसत नाही. ‘इतकी वर्षे घेतली, आता पुरे’ म्हणून एका दिवसात सर्व गोळ्या बंद करणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. झोपेच्या गोळ्या किंवा हृदयाची गती आवरणाऱ्या काही गोळ्या एकदम सोडणे हे घेण्याहून अधिक घातक ठरू शकते. त्या पायरीपायरीने, डॉक्टराच्या देखरेखीखाली उतरवाव्या लागतात. चूर्णे आणि काढे यांचेही तेच. ‘झाडपाल्याचे आहे, अपाय नाही’ हा युक्तिवाद ग्राह्य नाही. ज्यात गुण करण्याची शक्ती आहे त्यात अवगुण करण्याचीही असते, आणि ते डॉक्टरापासून लपवून ठेवण्यात कोणाचेच हित नाही.

कायद्याने काय केले, असे आम्हांस विचारले जाईल. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्यात ‘निर्वाह’ या शब्दात अन्न, वस्त्र, निवारा यांबरोबर वैद्यकीय उपचारांचाही समावेश केलेला आहे. त्याच कायद्याच्या विसाव्या कलमाने सरकारी इस्पितळांत ज्येष्ठांसाठी निराळी रांग आणि जिल्हा इस्पितळांत वृद्धोपचाराची सोय ही जबाबदारी राज्य सरकारांवर टाकली आहे. झोपेच्या आणि चिंतेवरील काही गोळ्यांची प्रत्येक विक्री दुकानदाराने निराळ्या वहीत, डॉक्टराच्या व रोग्याच्या नावासह नोंदवावी आणि ती वही तीन वर्षे जपावी, असा नियम १ मार्च २०१४ पासून अमलात आहे. म्हणजे दुकानात वही आहे. ज्याच्या पोटात ती गोळी जाते त्याच्या घरात मात्र वही नाही. ती ठेवावी असा कायदा करता येणार नाही. ते काम घराचे आणि समाजाचे आहे.

आपल्या समाजाला हे काम अपरिचित नाही. १९३३ साली झालेल्या देवस्थान नियमावलीने आपल्या महाजनांना हिशेबाची शिस्त लावून दिली. देवाच्या तेलवातीचा खर्चही आपण लिहून ठेवतो, वर्षाकाठी तो सभेपुढे मांडतो, आणि एखाद्या रकमेवर दोन दोन तास वाद घालतो. मग ज्या देहाला आपण देवाचे मंदिर म्हणतो त्याचा हिशेब वर्षातून एकदा का मांडू नये? एका कागदावर, आपल्याच अक्षरात, देवनागरीत, औषधाचे द्रव्यनाम, ते कशासाठी, कोणी दिले, केव्हापासून आणि केव्हा घ्यावयाचे, एवढे लिहावे. मग सगळा डबा, चूर्णासकट, पिशवीत घालून एकाच डॉक्टरापुढे ओतावा आणि प्रत्येकाविषयी विचारावे : हे अजून लागते काय? जे आम्ही खरोखर घेत नाही तेही त्याच वेळी, न लाजता, सांगावे. तालुक्यात ज्या देवस्थानांच्या अग्रशाळा आहेत त्यांनी महिन्यातून एक सकाळ यासाठी राखून ठेवली आणि गावातील एखादा डॉक्टर व एखादा निवृत्त औषधनिर्माता तेथे बसला, तर खर्च चहाहून अधिक येणार नाही. आणि अग्रशाळेमागच्या त्या पायऱ्यांना एक कठडा बसविला तर तोही आमच्या मते औषधोपचारातच मोडेल.

मुलांना सांगावयाचे ते एवढेच. चवथीला घरी याल तेव्हा आरती आटोपल्यावर एक दुपार आईवडिलांजवळ डबा घेऊन बसा. तपासनिसासारखे नव्हे, घरच्यासारखे. आणि फोनवरचा तो प्रश्न बदला. “घेतलीं?” असे विचारले की उत्तर एकच येते. “कोणती गोळी जड जाते?” असे विचारून पाहा. तत्पूर्वी मात्र एक आश्वासन द्यावयास हवे, आणि ते पाळावयास हवे : खरे सांगितल्याबद्दल तुमचे घर जाणार नाही. हे आश्वासन लेखी हवे असल्यास आम्ही ते विनामूल्य लिहून देऊ.